मधल्या शांततेला वन्स मोअर

माझा अल्बम निघाला तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "गातंय कोण?" कुणीच गात नाही म्हटल्यावर दुसरा आला, "मग तबल्याला कोण हाय?" तबलाही नाही. नुसता पियानो, आठ रचना, शब्द एकही नाही. मोबाईलवर तो 'न्यू एज' नावाच्या खान्यात जाऊन बसला, त्याला मी तरी काय करणार? चुलत्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "हाटेलात लावत्यात तसलं हाय." मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, एखाद्या हॉटेलानं खरंच लावला असता तर मी तिथं जाऊन जेवले असते.

मी पाचगणीकडच्या एका निवासी शाळेत पियानो शिकवते. माहेर सांगलीचं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांची सगळी उमर मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात गेली. सौद्याच्या वेळी ते ढेपेचा बारीक तुकडा काढून जिभेवर ठेवायचे आणि गप्प व्हायचे. शेतकरी, हमाल, बाकीचे व्यापारी, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. लहानपणी मीही त्यांच्या धोतराला धरून उभी असायची. ती शांतता मला अजून ऐकू येते. अल्बममधली शेवटची रचना मी त्यांच्यासाठी केली ती त्या शांततेवरूनच. उजवा हात चढत जातो, वर जाऊन थांबतो, मग दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलायचे आणि काहीच वाजवायचं नाही. लोक चुळबुळ करायला लागेपर्यंत नाही. त्यानंतर डावा हात खालून हळूच येतो, आणि जे काय सांगायचंय ते सगळं त्या येण्यात आहे. अल्बम मी आण्णांच्या मोबाईलवर घालून दिला होता, पण त्यांनी तो कानाला लावला नाही. म्हणाले, "डबीतनं काय ऐकायचं? सांगलीत वाजीव. म्होरं बसून ऐकतो."

म्हणून तर दौरा काढला. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर आणि शेवटी सांगली. शाळेतले सहकारी म्हणायचे, मंत्री निघाले दौऱ्यावर. साताऱ्याला एका योगवर्गानं कार्यक्रम ठेवला होता. मी पियानोपाशी बसते तोवर सगळ्यांनी चटया अंथरल्या आणि आडवे झाले. तिसऱ्या रचनेला एकजण घोरायला लागला, पाचव्या रचनेपर्यंत त्याला साथीदार मिळाले. नंतर वर्गाच्या बाई माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "किती खोल गेले हो सगळे." कऱ्हाडला लोक निदान बसून ऐकत होते. इस्लामपूरला मध्येच चहा फिरवला, पण चहा चांगला होता.

सांगलीचं मात्र जमेना. आधी निवडणूक लागली आणि हॉल मिळेना, मग लग्नसराई आली. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आण्णांचे कान उतरत गेले. आधी फोनवर "काय? काय?" सुरू झालं, मग टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत जायला लागला. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चालली आहे. दोन्ही कानांना मशीन दिलं आणि स्पष्ट सांगितलं की हे बोलणं ऐकण्यापुरतं, गाण्याबजावण्याचं काही खात्रीनं सांगता यायचं नाही. मी साताऱ्याहून, कऱ्हाडहून, रोज कुणाला ना कुणाला फोन करत होते, की बाबांनो, कुठलाही हॉल द्या, कुठलीही वेळ द्या. कान पुरते जायच्या आत ती एक रचना त्यांनी एकदा ऐकावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकीचा दौरा चुलीत गेला असता तरी चाललं असतं.

शेवटी आण्णांचे यार्डातले एक मित्र पुढं झाले. त्यांनी एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळवला, रविवार सकाळचा. दुपारी एक वाजता तिथं कुणाचा तरी साखरपुडा होता, त्याआधी हॉल मोकळा करून द्यायचा. मी म्हटलं, तासाभराचा तर कार्यक्रम, आरामात होईल. सांगलीत वाढलेल्या बाईनं असं म्हणावं म्हणजे कमालच. दीपप्रज्वलन झालं. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला, हॉलवाल्यांचा झाला, माझा झाला, मला जन्म दिला म्हणून आण्णांचा झाला. शाली, नारळ, सगळे हार आणून माझ्या पियानोवर ठेवले. मी ते उचलून खाली ठेवले तर एका कार्यकर्त्यानं ते प्रेमानं परत वर ठेवले. पाहुणे संगीतावर बोलले, मग उसावर बोलले. मी वाजवायला बसले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

आण्णा पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी. पांढरंशुभ्र धोतर, नवा नेहरू शर्ट, मांडीवर शाल. पहिली रचना सुरू झाली तसं त्यांनी तोंड कसंनुसं केलं, पत्र्यावर गारा पडायला लागल्यावर करतात तसं. मग एकेका कानातलं मशीन काढलं आणि हळूच खिशात घातलं. माझ्याकडं बघून हसले आणि मान डोलवायला लागले. मी वाजवत होते, माझे हात चालू होते. थांबून काय करणार होते? उठून त्यांच्या कानात मशीन घालू? सातही रचना ते तसेच बसले. शेजारचे पाहुणे टाळ्या वाजवतील तेव्हा तेही वाजवत.

मग त्यांची रचना आली. उजवा हात चढत गेला, वर जाऊन थांबला, मी दोन्ही हात उचलले. हॉल खरोखर शांत होता. आणि त्या शांततेत आण्णांचा सौद्यातला खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आण्णा नाटकवेडे. आमच्याकडं नाट्यपदाला पुढच्या रांगेतून वन्स मोअर आला की नटानं पद परत म्हणायचं, नाही म्हणायची रीत नाही. त्यातून आण्णांचा वन्स मोअर उगाच पडत नाही, हे जुन्या मंडळींना माहीत. हात उचलले म्हणजे संपलं, असं त्यांनी धरलं. पाहुण्यांनी ताबडतोब टाळ्या सुरू केल्या, मागून आणखी दोघांनी री ओढली, सगळा हॉल म्हणू लागला. संपलं नाही हो, असं मी हातानं सांगायला गेले, तर लोकांना वाटलं मी विनयानं नको म्हणतेय. टाळ्या वाढल्या.

मी पहिल्यापासून सुरू केलं. चढत गेले, थांबले, हात उचलले.

"वन्स मोअर!"

ते रडत होते. डोळे पुसत होते आणि म्हणत होते. त्यांना बापाचं कर्तव्य वाटत असणार, की ऐकू येत नसलं तरी पोरीला मान द्यायचा. आणि बरोबर जिथं त्यांच्यासाठी डावा हात यायचा, तिथंच ते मला अडवत होते. मला इतकं चिडायला झालं की मीही रडणार होते. तिसऱ्या वेळी मी ठरवलं, हात उचलायचेच नाहीत. शांतता राहिली तर राहिली, आवाज विरला तरी हात पट्ट्यांवरच धरून ठेवायचे. अर्ध्यापर्यंत आले आणि आवाज बंद. माईकवाल्यानं बटण बंद केलं होतं. एक वाजायला आला होता, दारात साखरपुड्याची फुलं घेऊन माणसं उभी होती. निवेदकानं घाईघाईत आभार मानले, लोक उठले, मला हात जोडत जोडत जेवायला गेले.

आण्णा उठले नाहीत. मी थांबले म्हणून ते वाट बघत होते. विजेचाच पियानो तो, बटण बंद केल्यावर पट्ट्या दाबल्या की नुसती टकटक व्हायची. मी त्यांच्याकडं बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, पहिल्यापासून वाजवायला लागले. टक टक टक. मागं खुर्च्यांना पांढरे कपडे चढवत होते, माईकवाला वायरी गुंडाळत होता. मी चढत गेले, थांबले, हात उचलले. या वेळी वन्स मोअर आला नाही. टाळ्या वाजवणारं शेजारी कुणी नव्हतं, ते नुसते माझ्या हातांकडं बघत राहिले. मी जितका वेळ थांबायचं तितका थांबले. मग डावा हात खालून आला, आणि मी ती रचना शेवटपर्यंत वाजवली, एकही जागा न गाळता.

ते खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि पियानोपाशी आले. "ह्ये बरं झालं," म्हणाले. "मगाशी लोक लय मधी मधी करत हुती."

मी मान हलवली. त्यांनी खिशात हात घालून मशीन काढलं, एकेका कानात नीट बसवलं, बोटानं दाबून बघितलं. मग पाठीवर थोपटून हळू आवाजात विचारलं, "आता खरं सांग पोरी. कसं वाजलं?"

हॉलमध्ये ते ऐकलेलं एकही माणूस नव्हतं, मीसुद्धा नाही.

"चांगलं वाजलं, आण्णा," मी म्हणाले.

"काय?" त्यांनी कान पुढं केला.

मी परत सांगितलं, इतक्या मोठ्यानं, की खुर्च्या लावणारी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली.