शाल पडली की बोंबलणारा बिल्ला

आमच्या पालम गावात बंद पडलेल्या वस्तूला काही धोका न्हाई. धोका हाय तो चालू वस्तूला, आन् तो धोका म्हणजे माझा थोरला मामा. बंद मशीन तो इमानदारीनं दुरुस्त करतो, बसस्टँडजवळ दुकानच हाय त्याचं. पण चालू मशीन दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मामी मिक्सर ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवते. शेजारच्या गुरुजींनी नवा कूलर आणला, तर मामा बघायला म्हणून गेला, पोहे खाल्ले आन् बोलता बोलता खिशातनं पेचकस काढला. गुरुजींचा चहा संपेस्तोवर कूलरची जाळी निघाली होती. चालू होता की तो, असं मी म्हणलं, तर मामा नाकातनं, एकेक शब्द चावत म्हणला, "बंद पडलेलं कोणबी उघडतंय, भाचेबुवा. चालू हाय ते उघडायला कलेजा लागतो." तो कूलर आता मागच्या बाजूनं हवा देतो. गुरुजींनी पलंग फिरवून घेतलाय.

या कलेजापायीच मामाचे उस्ताद तुटले. गंगाखेडच्या ज्या मेकॅनिकनं त्याला सोल्डर गन धरून कथलाचा टाका लावायला शिकवलं, त्यांचाच चांगला गाणारा रेडिओ यानं आवाज अजून गोड करतो म्हणून उघडला. त्या दिवसापासून रेडिओ बोलला न्हाई आन् उस्तादबी. नऊ वर्षं झाली. मामा गंगाखेडात त्यांच्या गल्लीला वळसा घालून जातो, आन् तिकडं चिखल लय असतो म्हणून सांगतो. भर उन्हाळ्यातबी.

तर औंदा परभणीत जिल्ह्यातल्या दुरुस्तीवाल्यांचा मेळावा ठरला. सत्काराच्या यादीत पहिलं नाव उस्तादांचं. ते ऐकलं आन् कोणी विचारलं नसताना मामानं जाहीर केलं, छातीवरचे बिल्ले मी बनवणार. कागदाचे न्हाई, लाइटीचे. महिनाभर मामीला मामा दिसला न्हाई, नुसता धूर दिसला. कापसाच्या बोंडाच्या आकाराचा सर्किटचा पत्रा, त्यात बारके दिवे, आन् एकमेकांना ओळखायला मोडक्या रिमोटांतले भाग. दोन बिल्लेवाले समोरासमोर आले की दोघांची बोंडं उजळणार. वर एक उजेड ओळखणारा सेन्सर, कारण आपल्याकडं लाइट कवाबी जाते. अंधार झाला की बिल्ल्यानं शिट्टी मारायची, म्हणजे माणूस माणसावर आदळणार न्हाई. मामानं बिल्ला पाडून बघितला, चहात बुडवून बघितला, बकरीच्या गळ्यात बांधून बघितला. चाळीस बिल्ले झाले. पण मला ठावं होतं, एकोणचाळीस नुसते निमित्ताला होते.

मेळाव्यात सकाळी सगळं झकास. माणसं बोंडं उजळायला मुद्दाम एकमेकांना रामराम करायली. मग सत्कार सुरू झाला. अध्यक्षांनी उस्तादांच्या खांद्यावर शाल टाकली, छातीवरून नीट ओढून घेतली, आन् शालीखालचा बिल्ला अंधार झाला समजून बोंबलायला लागला. दुसऱ्या पाहुण्याला शाल, दुसरी शिट्टी. पाचवी शाल पडेस्तोवर स्टेजवर पाच कुकर लागले होते. सगळा हॉल हसायला लागला. मामा खांबामागं लपला. शालीचा विचार त्यानं केलाच नव्हता.

उस्तादांनी शाल बाजूला केली, शिट्टी थांबली. परत पांघरली, परत सुरू. तीनदा करून बघितलं. मग बिल्ला काढला, चष्मा लावला आन् उलटा करून सोल्डरचे टाके बघत बसले. कोणाचं काम, हे त्यांनी विचारलंच न्हाई. माइकजवळ येऊन मामाच्या नावानं हाक मारली. मी ढकलला म्हणून मामा वर गेला.

"कथील अजूनबी लय लावतोस," उस्ताद म्हणले.

"हात तसाच पडलाय, उस्ताद."

"पडणारच की. माझाबी तसाच हाय." मग माइकवर हात ठेवून हळूच म्हणले, "सोमवारी दुकानावर ये. मला आता बारीक दिसत न्हाई."

तवापासून दर सोमवारी मामा सकाळच्या यस्टीनं गंगाखेडला जातो. एकदा मीबी गेलो होतो. उस्ताद पत्र्यावर बोट ठेवतात, मामा तिथं टाका लावतो. बोट थरथरतं. मामा गरम सोल्डर गन हातात धरून, ते थांबेस्तोवर वाट बघतो.