कुमुदताईंनी केलेलं डोहाळजेवण

कुमुदताई कुठल्याही गरोदर बाईच्या नुसत्या चालण्यावरून कितवा महिना आहे ते सांगायच्या. इथे परदेशात, आमच्या नेपरव्हिलच्या दुकानात रांगेत उभं असताना माझ्या कानाशी लागायच्या, "ती लाल कोटवाली पाहा, सातवा चालू आहे. तिला काहून उभं ठेवलं बाप्पा?" आणि खरंच जाऊन त्या अनोळखी बाईला आपली जागा देऊन यायच्या. मूळच्या नागपूरच्या, बाळंतपणाच्या डॉक्टर. आमच्या ओळखीतली निम्मी मराठी पोरं त्यांच्याच हातून जन्मली, माझी दोन्ही धरून.

पोटुशी बाई दिसली की तिला खाऊ घातल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माझ्या वेळी तर कहरच! भर बर्फात डबा घेऊन दारात हजर. "डोहाळे पुरवले नाही तर पाप लागते." मी चिडवायची, "डॉक्टर ना हो तुम्ही?" त्यावर म्हणायच्या, "डॉक्टर दवाखान्यात. इथं मी तुझं माहेर आहे."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मार्चच्या सुट्टीत ताई, मी आणि माझा नवरा अरुण असे वायोमिंगला स्कीइंगला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी लाकडी केबिन भाड्याने घेतलं होतं. पहिल्या दिवशी ताई लहान मुलांच्या उतारावर इतक्या वेळा आपटल्या की अरुण म्हणाला, "ताई, बर्फाला लोटांगण घालायचा नवस होता का?" त्या पडल्या पडल्याच हसत होत्या. दुसऱ्या दिवशी जनावरं बघायची सहल होती. गाइडने लांबून मूस दाखवले. सांबराच्याच जातीचं जनावर, पण घोड्याहून उंच. यांना काहीही खायला घालू नका, माणसाच्या हातची चटक लागली की अंगावर येतात, असं तो निक्षून सांगत होता. ताई मान डोलवत होत्या.

त्याच संध्याकाळी एक मादी आमच्या अंगणात आली आणि झुडपाच्या काड्या चघळत उभी राहिली. ताईंनी तिला खिडकीतून न्याहाळलं आणि घरून आणलेल्या गुळाच्या दशम्या घेऊन निघाल्याच बाहेर!

"ताई, गाइड काय म्हणाला?"

"तो जंगलातल्यांचं सांगत होता. ही दारी आली आहे. अन् पोटुशी आहे, मला नको शिकवू. पोटुशीनं काय काड्या चघळायच्या?"

दशमी बर्फावर ठेवून त्या मागे सरल्या. तिने हुंगली, खाल्ली. ताईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मग रोजच हे सुरू झालं. "यार, ताईंनी मूसचं डोहाळजेवण केलं!" अरुण हसायचा.

निघायच्या दिवशी दशम्या संपल्या होत्या. अरुण बॅगा गाडीत ठेवायला बाहेर पडला, तर ती दारातच. खायला काही मिळत नाही म्हटल्यावर तिने कान मागे पाडले, आणि पुढचं मला धड दिसलंही नाही. अरुण बर्फात आडवा पडला होता आणि ती त्याला पुढच्या पायांनी तुडवत होती. मी नुसती किंचाळत होते. ताईंनी तवा बडवून तिला मागे हटवलं, अरुणला आत ओढलं. बरगड्या मोडल्या होत्या. फोनही त्यांनीच केला.

अँब्युलन्सच्या आधी वन्यजीव खात्याचा माणूस पोचला. मला वाटलं, तिला हाकलून लावेल. ती अजून अंगणातच होती, दाराकडे तोंड करून. त्याने विचारलं, "हिला खायला कुणी घातलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

त्याने ट्रकमधून बंदूक काढली आणि तिला गोळी घातली. आमच्या डोळ्यांदेखत! अहो, माणूस एका शब्दाने सांगतो तरी! "कुठेही नेऊन सोडली असती तरी ती माणसाच्या दाराशीच आली असती," तो नंतर म्हणाला.

ताई सपाता घालूनच बर्फात धावल्या. गुडघे टेकून बसल्या आणि तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. "हलून राहिलं आहे," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग त्या माणसाकडे सुरी मागितली. त्याने नकारार्थी मान हलवली. पिल्लू जगायचं तर अजून दोन महिने पोटात राहायला हवं होतं. हे ताईंना का कळत नव्हतं?

तो दोरखंड घेऊन आला. "मॅम, प्लीज."

"थांबा जरा," ताई म्हणाल्या, चक्क मराठीत. तो थांबला. मीही हलले नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात उचलले.

"आता न्या."