हार्ड डिस्क ज्याची त्याला

हार्ड डिस्क क्लायंटच्या तळहातावर ठेवली की तो त्याची बोटं आपल्या हाताने मिटवायचा आणि म्हणायचा, "ज्याचं त्याला. आता माझ्याकडे काही नाही." आणि खरंच काही नसायचं. तयार फिल्मबरोबर न कापलेलं सगळं शूटिंगही तो देऊन टाकायचा आणि आपल्याकडची प्रत पुसून मोकळा व्हायचा. आमच्या धंद्यात असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बाकीचे आम्ही कच्चं फुटेज दाबून ठेवतो, म्हणजे क्लायंट झक मारत परत येतो.

तो बोरिवलीचा, कंपन्यांच्या जाहिरातीच्या फिल्म शूट करणारा; मी अंधेरीत बसून त्या एडिट करणारा. "अरे, एखादी कॉपी ठेव ना," मी म्हणायचो.

"लोकांच्या फॅक्टऱ्यांचं घरी नेऊन लोणचं घालू?"

क्लायंट त्याच्यावर खूश असत. त्यालाही या गोष्टीची थोडी घमेंडच होती.

मुलुंडच्या एका बिल्डरच्या फिल्ममध्ये सुखी गृहिणी हवी होती. ठरलेली नटी ऐन वेळी आली नाही, तेव्हा याने बायकोलाच उभं केलं. सॅम्पल फ्लॅटच्या खोट्या किचनमध्ये ती दुपारभर बोलली, चुकली, हसली. "अवो, ह्या नळाक पाणीच नाय!" हेही रेकॉर्ड झालं. एडिटला बसल्यावर हाच म्हणाला, "हेल फार मालवणी येतोय रे. दुसरीचा आवाज घालू." घातला. डिस्क बिल्डरकडे गेली.

वर्ष सरायच्या आत ती गेली. काविळीचं निमित्त झालं. मग त्याच्या लक्षात आलं की तिचा आवाज घरात कुठेच नाही. जन्मभर लोकांवर कॅमेरा रोखणाऱ्याने घरच्या माणसाचं काही टिपलंच नव्हतं.

बिल्डरच्या ऑफिसात मी त्याच्याबरोबर गेलो. मार्केटिंगच्या बाई भल्या होत्या. चहा मागवला, कपाट उपसलं, डिस्क सापडली. तिच्यावर जुनं पुसून नव्या टॉवरचं शूटिंग चढवलेलं होतं.

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, ज्याचं त्याला?"

"हो, मीच," तो म्हणाला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढे त्याने कॅमेरा विकला आणि तो गावी गेला. आता फोनही उचलत नाही. जायच्या आधी माझ्याकडे आला होता. शूटिंग त्याने माझ्याकडूनही तेव्हाच पुसून घेतलं होतं; माझ्या कॉम्प्युटरवर त्या फिल्मची एडिटिंगची फाईल तेवढी उरली होती. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही. आवाज कुठे चढला, कुठे उतरला याची हिरवी रेघ फक्त दिसते. तो खुर्ची ओढून बसला आणि बघत राहिला. मग एका उंचवट्यावर त्याने बोट ठेवलं.

"इथे हसली बघ."

ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी स्पीकर मोठा केला.

"थोडं मागे घे ना," तो म्हणाला.

मी मागे घेतलं.