मामांचा कंडेन्सर माइक

जगात शांतता नांदावी असं पुष्कळ थोर माणसांना वाटत आलं आहे. पण ती सोलापुरात, दोन यंत्रमागांना भिंत लागून असलेल्या खोलीत, मे महिन्याच्या दुपारी नांदावी असा हट्ट धरणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. सत्तरच्या दशकात ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. फायली सावकाश हलत, त्यामुळे उरलेली सगळी घाई त्यांनी घरातल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरसाठी राखून ठेवली होती. त्यासोबत आलेल्या साध्या माइकवर त्यांचा विश्वास नव्हता. "साधा माइक माणूस ऐकतो," ते म्हणत, "कंडेन्सर माइक माणसाचा श्वास ऐकतो." श्वास कशाला ऐकायचा, हे मी विचारलं नाही. जावयानं विचारू नये असे काही प्रश्न असतात.

त्या माइकची निवड लग्न जमवण्याइतकी रेंगाळली. नवी पेठेतल्या दुकानात मामा प्रत्येक माइकसमोर 'फणस', 'भाकरी' असे शब्द म्हणत, मग किल्ल्यांचा जुडगा वाजवत आणि शेवटी डोळे मिटून स्वस्थ बसत. दुकानदाराला वाटे, यांना झोप लागली. अखेर मुंबईहून एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर माइक आला. कंडेन्सर माइकला ओल सोसत नाही असं वाचल्यापासून तो कोरड्या तांदळाच्या डब्यात राहू लागला. तेही सोलापुरात, जिथे पंचा पिळून दांडीवर टाकेपर्यंत वाळतो. 'प' आणि 'फ'चा फटकारा बसू नये म्हणून मामींच्या भरतकामाच्या रिंगेवर मलमल ताणून ती माइकपुढे उभी केली गेली. मामींचं भरतकाम तेव्हापासून बंद आहे. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींवर चादरी टांगल्या होत्या. घरात पांघरायला मात्र एकही उरली नव्हती.

हा सगळा खटाटोप मामांच्या थोरल्या बहिणीसाठी होता. आक्का तरुणपणीच विधवा झाल्या. शेजारच्या मागवाल्याकडे कांड्या भरून, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून, त्यांनी मामांना वाढवलं, शिकवलं. कांड्या भरताना त्या गात. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशननंतर आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. मामा हे कुणाशी बोलत नसत. ते फक्त माइकबद्दल बोलत.

मागांना सुट्टी असते त्या दिवशी ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. त्या दिवशी कधी नव्हे ती शांतता पसरली. मामांनी बटण दाबलं, पण स्पूल फिरेना. मागांना सुट्टी होती, कारण त्या दिवशी आमच्या भागाची वीजच बंद असे. मामा त्या गल्लीत जन्मले होते, पण सुट्टीचं कारण त्यांनी कधी विचारात घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याकडे गेले. "सायेब, आक्कासाठी तासभर काय, दिवसभर बंद ठेवतो की," तो म्हणाला आणि त्यानं माग थांबवले. आक्का चादरींच्या त्या भट्टीत माइकपासून वीतभर अंतरावर बसल्या. मामांनी बोट वर केलं. आक्कांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?"

"सुचंना रे."

"घाबरू नकोस. आपलं घर आहे."

"घाबरतीय कोण? चाल सापडंना. कानात कसं भुयारात बसल्यावानी होतंय. त्याला माग सुरू करायला सांग बघू."

"आक्का, अगं तोच आवाज नको म्हणून तर हे सगळं मांडलंय!"

"मग तूच म्हण की गाणं. मी बोट वर करते."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरीवरचे मोर पाहू लागलो. मग ते उठले, पाठीमागचं माइक कमी ऐकतो म्हणून तो फिरवून त्याची पाठ मागांच्या भिंतीकडे केली आणि खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारली. खटखट सुरू झाली. आक्कांनी मांडीवर हात टेकला, ठेका घेतला आणि मैंदर्गीकडचं अर्धं कानडी, अर्धं मराठी अंगाईगीत उचललं. चांगला खणखणीत आवाज होता. मामा टेपरेकॉर्डरवरची आवाज मोजणारी सुई पाहायचं विसरून गेले होते.

ऑपरेशन झालं. आक्का बऱ्या झाल्या, पण आवाज गेला. उरली ती कुजबूज. घरी आल्यावर त्यांनी खुणेनंच टेप लावायला सांगितली. मागांचा आवाज गाण्याखाली सबंध वेळ होता. एरवी मामांनी त्यावर व्याख्यान दिलं असतं. आक्का मान हलवत अगदी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग भावाच्या कानाशी वाकून, एखाद्या परक्या बाईबद्दल बोलावं तसं म्हणाल्या,

"लई छान म्हणती की रे ही."

"व्हय," मामा म्हणाले आणि त्यांनी स्पूल पुन्हा मागे फिरवला.