शेवटच्या खोलीची कडी

देवाशी माझं बोलणं बंद होतं. धाकटा भाऊ गर्दच्या नादात गेला. न्हाणीला आतून कडी होती, आणि दार फोडेपर्यंत सगळं संपलं. म्हणून माले गावाजवळ नशा करणाऱ्यांसाठी राहण्याची आणि उपचारांची सोय करायचं ठरलं, तेव्हा आराखड्याचं काम मी हट्टानं मागून घेतलं. आठ खोल्या, प्रत्येकीला न्हाणी. पुन्हा नशा केली तर घर सोडायचं, हा नियमही माझाच. आणि शहाणपण बघा, सामानाच्या यादीत न्हाण्यांच्या आठ कड्या मीच लिहिल्या होत्या. न्हाणी म्हटली की कडी, हात आपोआप चालला.

श्रावणातली दुपार होती, बांधकाम संपत आलं होतं. धुक्यात अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. शेवटच्या खोलीत एक म्हातारी उभी दिसली. बाहेर भुरभुर चालू होती, पण तिचं लुगडं कोरडं होतं. न्हाणीच्या कडीवर हात ठेवून ती म्हणाली, "आईच्या ठाण्याला दार न्हाई. हितं कडी कशापायी?"

वरच्या देवराईतल्या देवीला दार लावायचं नाही, ही गावाची रीत मला ठाऊक होती. माणसाला आडोसा लागतो, असं मी समजावलं.

"आडोसा ठेव. कडी मला दे."

वाद नको म्हणून मी निवृत्तीकाका सुतारांना ती काढून द्यायला सांगितलं. म्हातारी गेल्यावर ती कुठली, असं काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "म्हातारी? पोरगेली बाई व्हती की." नवी कडी आणायचं पुढे राहूनच गेलं.

दिवाळीनंतर त्या खोलीत दिलीप राहायला आला. पूर्वी रिक्षा चालवायचा. एकदा जेवायला आला नाही, म्हणून मी बघायला गेले. न्हाणीचं दार लोटलेलं होतं. हात लावला आणि ते उघडलं. दिलीप खाली पडला होता, ओठ निळे. मी तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिले, काकांनी जीप काढली. पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला वाचवलं. शुद्धीवर येताच त्यानं विचारलं, "ताई, सामान बांधू?"

नियमाला घाबरूनच तो लपला होता. मी तिथंच रडले, भावासाठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी काकांबरोबर देवराईत गेले. ठाण्यापुढे आमची कडी होती, चारही स्क्रूंसकट, कुंकू लावलेली. काकांना विचारलं. त्यांनी ठेवली नव्हती. मी ती उचलली नाही. कितीतरी वर्षांनी हात जोडले आणि म्हटलं, आई, आराखडा तुझा, मी नुसती कागद धरणारी.

उरलेल्या सात कड्या काढल्या, नियमही खोडला. दिलीपचा पाय अजून कधी घसरतो. घसरला की तो दार लोटून घेत नाही, माझ्याकडे येऊन सांगतो.