मामांची जर्मलची होडी

माझ्या साडूचा मी जेवढा हेवा केला तेवढा पुढे कुणाचाच केला नाही. ऑफिसात माझ्या डोक्यावरून उडी मारून हेडक्लार्क झालेल्या माणसाचासुद्धा नाही. वाचणाऱ्याला वाटेल, साडू पैसेवाला असणार. छे! तो डिलाईल रोडच्या गिरणीत फिटर आणि मी गिरगावातून फोर्टात जाणारा कारकून. इस्त्रीची पँट माझी, तेलाचे डाग त्याचे. पण सासरे त्याला शिव्या द्यायचे आणि मला देत नसत. एवढ्यावरून मी जळायचो.

सासऱ्यांना आम्ही दोघंही ‘मामा’ म्हणत असू. पण त्याचा मामा रक्ताचा होता आणि माझा रीतीचा. कोकणात मामाची मुलगी करायची पद्धत, त्यामुळे तो आधी भाचा आणि मग जावई. मामा त्याच्याशी मालवणीत बोलत, त्याला पाणी भरायला लावत, चुकला की ‘मेल्या’ म्हणून सुरुवात करत. मी उंबऱ्यात दिसलो की तेच मामा सदरा घालत आणि पेटीतलं ठेवणीतलं मराठी बाहेर काढत. “यावं, जावईबापू. बसावं. दमला असाल.” गिरगावातून लालबागपर्यंत ट्रॅममध्ये बसून आलेला माणूस दमणार कसा? पण बसावं लागे. जावयाला काम सांगायचं नाही आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्या घरचे नियम. तो संयुक्त महाराष्ट्राचा काळ होता, चाळीच्या भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या होत्या. त्या घरात माझी अवस्था थेट कारवारसारखी होती. सगळे ‘आपलंच’ म्हणायचे, पण आत कुणी घेत नव्हतं.

गिरणीतून मोकळे झाल्यावर मामांनी गावी, मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या घरी जाऊन राहायचं ठरवलं. त्यांना एकच हौस उरली होती. आपली स्वतःची होडी असावी, तीत एकट्यानं बसावं आणि गळ टाकून मासे धरावे. लाकडी होडी एकट्या म्हाताऱ्याला रेतीवर ओढवत नाही, आणि दरवर्षी तिला तेलपाणी करा ते वेगळंच. तेव्हा साडूनं बातमी आणली की रे रोडला भंगाराच्या वखारीत ॲल्युमिनियमच्या दोन छोट्या होड्या आल्या आहेत. दोघांनी उचलाव्यात, एकट्यानं रेतीवर ओढाव्यात इतक्या हलक्या, मागे छोटं इंजिन. गलबतात टाकून मालवणला पाठवता येतील.

“म्हणजे जर्मलची?” सासूबाईंनी विचारलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मलचीच भांडी म्हणत. “मग तिच्यात आंबट काही ठेवू नका हो.”

ही बातमी मी का आणली नाही, या विचारानं माझा चहा कडू झाला. मी म्हणालो, “मीही येतो निवडायला.” मग मामा म्हणाले, “आपण कशाला त्रास घेता?” साडूला मात्र त्यांनी, “तू रविवारी सकाळीच ये रे, झोपून ऱ्हव नको,” असं बजावलं. बघा! त्याला दटावणी आणि मला आभारप्रदर्शन.

तरी रविवारी मी गेलोच. पांढरे बूट घालून गेलो, हे बायको अजून चारचौघांत सांगते.

वखारीमागे भरतीचं पाणी आलं होतं आणि दोन्ही होड्या तिथे दोरानं बांधलेल्या होत्या. एक साधी, चेपलेली, राखाडी. तिच्या इंजिनालाच एक दांडा होता. मागच्या फळीवर बसायचं आणि दांडा ढकलून होडी वळवायची. दुसरी चकचकीत. तिला पुढे मोटारीसारखं चाक आणि समोर काचेचा तुकडा.

साडू थेट राखाडीकडे गेला. “मामा, ही बघा. दांडो काखेत धरायचो, गळ हातात. पाठी बसान सगळा व्हता. चाकाच्या होडयेत पुढे बसलात तर पाठचो गळ कोण बघतलो?”

त्याचं म्हणणं मला पटलं. म्हणूनच मला ते खोडून काढावंसं वाटलं. बायको भांड्यांच्या दुकानात करते तसं मी चकचकीत होडीला बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावला आणि गंभीरपणे म्हणालो, “मामा, पत्रा हिचा चांगला. शिवाय चाक म्हणजे कसं, सुधारलेलं. या वयात तुम्ही दांडे का ढकलावेत?”

“अहो साडूभाऊ, पण गळ—” तो म्हणाला.

“गप ऱ्हव मेल्या!” मामा त्याच्यावर गरजले. “जावईबापू बोलतत, दिसना नाय तुका?” मग माझ्याकडे वळून, तोंडावरची एक सुरकुती न हलवता ते म्हणाले, “आपण म्हणता तेच बरोबर. चाकाचीच घेऊ.”

मी जिंकलो होतो. पण त्या ‘गप ऱ्हव मेल्या’त जी माया होती तिचा एक थेंबही माझ्या वाट्याला आला नव्हता. मामा त्या राखाडी होडीकडे एकदाच बघून दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. ज्या होडीत त्यांना कधी नीट गळ टाकता येणार नव्हता, ती केवळ जावयाच्या तोंडून निघाली म्हणून ते घेणार होते.

वखारवाला शेठ म्हणाला, “दोन्ही चालवून बघा ना. पाणी आहे तोवर.”

चाकाची होडी मी चालवली. ती छान चालली. मामा मागे अंग चोरून पाहुण्यासारखे बसले होते. मग, नाही तरी पाणी होतंच म्हणून, राखाडीत बसलो. साडूनं दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि तो दांडा धरणार तेवढ्यात मी म्हणालो, “मी धरतो.” तो मधल्या फळीवर सरकला. मामा पुढे बसले.

थोडं अंतर सरळ गेलो. मला वाटलं, यात काय आहे! तेवढ्यात उजव्या अंगाला रेती वाहणारा एक मोठा पडाव नांगरलेला दिसला. डावीकडे जायचं म्हणून मी दांडा डावीकडे ढकलला. होडी उजवीकडे वळली. मी आणखी जोरानं डावीकडे ढकलला. ती आणखी उत्साहानं पडावाकडे धावली.

“मेल्या!” मामा उठलेच. “खंय व्हरतंस? उजव्या हाताक ढकल दांडो, उजव्या हाताक! डोळे काय गिरगावात ठेवन इलंस? बारा गाढवांची अक्कल एकट्याक मिळाली रे तुका!”

मी उजवीकडे ढकलला. पडावाची काळी भिंत हाताला लागेल इतक्या जवळून मागे गेली. वरून एक खलाशी थुंकला, तेही माझ्यावर नाही, पाण्यात.

मग मामांच्या लक्षात आलं की आपण कुणाला काय बोललो. त्यांचा चेहरा उतरला. “जावईबापू, तोंडातून गेलं...”

“नाही मामा,” मी म्हणालो. “आता कसा धरू ते सांगा.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मधली फळी ओलांडून ते मागे आले, माझा हात दांड्यावर ठेवून वर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाले, “हळू. दांडो जाता त्याच्या उलट होडी जाता, ध्यानात ठेव. बूट काढ आधी ते.”

काठावर आल्यावर ते शेठला म्हणाले, “राखाडी दे.” मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी साडू आणि मी लालबागच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत गेलो. माझे बूट हातात होते.

“मामा तुमच्यावर आज चांगलेच तापले,” तो म्हणाला.

“हो ना,” मी शक्य तितक्या विनयानं म्हणालो.

“बारा गाढवं मला कधी म्हणाले नाहीत.” तो रस्त्याकडे बघत होता. “लहानपणापासून त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो मी. एकच गाढव म्हणतात.”

त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “म्हणतील हो साडूभाऊ, धीर धरा.”

तो त्याच्या रस्त्यानं वळला. निरोप घ्यायला विसरला, की घ्यायचाच नव्हता, कोण जाणे. मी ट्रॅमची वाट न बघता गिरगावपर्यंत अनवाणी चालत गेलो.