गोदाकाकूच्या टीव्हीवरचं कुंकू

काकूची सीरियल बंद पडणार म्हणे, आणि ते बघायला काकू नाही, हे एका परीनं बरंच झालं.

नाहीतर तिनं चॅनलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

आज गोदाकाकूला जाऊन वर्ष झालं. मुदखेडला तिच्याच घरी वर्षश्राद्ध केलं. जेवणं उरकली, गुरुजी गेले, पाहुणे स्टँडकडे निघाले. आणि दोन वाजायच्या बेताला गल्लीतल्या बाया नेहमीसारख्या समोरच्या खोलीत येऊन टीव्हीपुढे बसल्या.

माझा भाऊ म्हणाला, "आज तरी राहू द्या की."

शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "आजच तर बसायचं. गोदाबाईला खाडा चालत न्हवता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काका गेले तेव्हा काकू तिशीचीसुद्धा नव्हती. मूलबाळ नाही. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं.

घरी हळदीकुंकू असलं की ती आत चहा टाकायची. बाहेर यायची ती रिकामे कप न्यायला.



दुपारची सीरियल मात्र तिची होती. दिवाणाच्या मधोमध तिची जागा, समोर टेबलावर टीव्ही, आणि त्यात सोशिक हिरॉईन हेमांगी. ही हेमांगी गरोदर राहिली ती राहिलीच. हत्तिणीनं लाजावं इतकं लांबलं ते प्रकरण.

एकदा भागाच्या शेवटी दाखवलं, उद्या हेमांगीचं डोहाळजेवण.

काकू म्हणाली, "मग आपल्याकडं बी करू."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाया काठापदराच्या साड्या नेसून हजर. ताटात गहू, नारळ, खण, हळकुंड, सगळं रीतसर. कुंकू तेलात कालवलेलं. आणि ऐन वेळी कुणीतरी हळूच म्हणालं, "ओटी भरायला सवाष्ण पाहिजे ना पण?"



काकू उठली. "टीव्ही माझा हाय. पोरगी रोज माझ्या घरात येती. ओटी मीच भरणार."

कुणी काही बोलायच्या आत मागून गल्लीतलीच नसीमखाला ओरडली, "भरो बाई, जल्दी भरो! अब ॲड लगती!"

काकूनं ताट टीव्हीपुढं ठेवलं. पडदाभर हेमांगीचा चेहरा. काकूनं बोट कुंकवात बुडवलं, नेम धरून कपाळाला टेकवलं...

आणि सीन बदलला.

कुंकू लागलं ते हेमांगीच्या खाष्ट सासूला!

आम्ही हसून हसून आडव्या झालो. काकूही हसली. इतकं हसताना मी तिला फार कमी वेळा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन पुसायला गेले तर कडाडली, "हात लावायचा न्हाई."

"अगं, सगळ्यांच्या तोंडावर येतंय ते."

"येऊ दे. ज्याचं कपाळ येईल त्याचं."

तेव्हापासून आमच्या टीव्हीत इन्स्पेक्टरला कुंकू, डॉक्टरला कुंकू, बातम्यांतल्या मंत्र्यालाही कुंकू. सीरियलमधल्या पांढऱ्या साडीतल्या आजीलाही.

आणखी एक. मध्येच लाईट गेली की बाया वाऱ्याला ओट्यावर जायच्या. काकू बंद टीव्हीपुढं तशीच बसून राहायची.

"काकू, काय बघून राहिलीस?"

"माझं चालू हाय," म्हणायची.

आम्हाला वाटायचं, म्हातारपण.

तर आज सगळ्यांच्या मोबाईलवर तीच बातमी, सीरियल निरोप घेणार. चॅनल हो म्हणेना, नाही म्हणेना. बायांनी मला सीरियलच्या पेजवर कमेंट लिहायला लावली: "हेमांगी मोकळी झाल्याशिवाय मालिका बंद करू नये. मुदखेडच्या समस्त बाया." खाली लातूरहून एकीचं उत्तर आलं, आमच्या गल्लीचंही हेच म्हणणं आहे. टाळ्या वाजल्या.

भाऊ हिशेबी माणूस. म्हणाला, "बंदच होणार असेल तर खोली भाड्यानं देऊ. टीव्ही मी घेऊन जातो. पुसला की नवा दिसेल."

 शांताबाई खाली बघत बसल्या.

शांताबाईंचे मालक गेल्या हिवाळ्यात गेले. त्या आता कुठंच जात नाहीत, फक्त इथं येतात. सकाळी पोळ्या लाटताना मला म्हणाल्या होत्या, "बाकी कुठं बी गेलं की लोक आधी कपाळाकडं बघत्यात गं."

तेवढ्यात लाईट गेली.

बाया ओट्यावर गेल्या. शांताबाई दिवाणावर काकूच्या जागी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. समोरच्या काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या, आणि त्यांचा हात सावकाश स्वतःच्या कपाळाकडं गेला.

"इकडं ये," मला म्हणाल्या. "इथं बस. माझ्या जागी."

मी बसले.

बंद टीव्हीत माझा चेहरा दिसत होता. आणि काकूनं लावलेला तो लाल ठिपका बरोबर माझ्या कपाळावर.

"गोदाबाई लाईट गेल्यावर का उठत न्हवती," शांताबाई म्हणाल्या, "आत्ता कळलं."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं ती रोज आमच्या देखत कुंकू लावून बसत होती.

भावाला सांगितलं, खोली भाड्यानं जाणार नाही. टीव्ही इथंच राहील. वर्षभर शांताबाईंकडं असलेली किल्ली त्यांच्याकडंच ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला आले.

काकू, सीरियल राहो न राहो. ठिपका कुणी पुसणार नाही.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. भरल्या मनानं, कुंकवासकट.